तिसऱ्या पावलाला वळणारी मुलगी: ऑनलाइन वर्गातून हॉलमध्ये आलेल्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण

हॉल ८ मीटर लांब. मुलांनी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत घोडदौडीच्या चालीने जायचं आहे: एक पाय कायम पुढे, मागचा त्याला गाठतो, की पुढचा पुन्हा निसटतो. सात वर्षांची एक मुलगी झोकात निघते, तीन पावलं टाकते आणि गर्रकन वळून परत येते. नाच शिकवणाऱ्या ताईंना वाटलं, सूचना कळली नसेल. त्यांनी पुन्हा सांगितलं, करून दाखवलं. पुन्हा तीन पावलं आणि परत.

"पुढे जा ना, पार भिंतीपर्यंत."

"पण इथे संपतं ना, ताई."

तिथे काहीच संपत नव्हतं. घरी ज्या मोकळ्या जागेत ती दहा महिने लॅपटॉपसमोर नाच शिकली, ती जागा मात्र तिसऱ्या पावलाला संपत होती. जेमतेम २ मीटर बाय २ मीटर.

एक खुलासा आधीच करतो. ही मुलगी म्हणजे कुणी एक व्यक्ती नाही. ऑनलाइन शिकून प्रत्यक्ष वर्गात आलेल्या ६ ते ८ वयाच्या मुलांमध्ये पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या खुणा एकत्र करून हे प्रकरण बांधलं आहे, आणि तिच्याबद्दलचे आकडे तपासणी कशी करायची ते दाखवण्यासाठी घेतले आहेत. ते सरासरी म्हणून कुठेही वापरू नयेत.

ती काय घेऊन आली होती

पहिल्या दिवशी ताईंनी तिला येतं ते करायला सांगितलं. तिने ६४ काउंटचं, म्हणजे ६४ मोजण्यांचं, पूर्ण रूटीन न अडखळता केलं. हातांच्या रेषा स्वच्छ, मनगट आणि बोटांपर्यंत लक्ष, चेहरा बोलका. एका पायावर डोळे उघडे ठेवून २० सेकंद उभी राहिली. वर्गातल्या, वर्षभर हॉलमध्येच शिकलेल्या कितीतरी मुलांना एवढा क्रम पाठ नव्हता.

याचं श्रेय ऑनलाइन वर्गालाच द्यायला हवं. धड्याचं रेकॉर्डिंग मिळायचं आणि ती ते रोज दहा मिनिटं, वेग ०.७५ वर आणून बघायची. हॉलमध्ये शिकणाऱ्या मुलाला आठवड्यातून दोनदाच ताई दिसतात. मधले दिवस आठवणीवर. क्रम, हातांचे आकार आणि जागच्या जागी तोल या गोष्टी छोट्या जागेत, पडद्यावर बघून चांगल्या शिकता येतात. हे मान्य केल्याशिवाय पुढची तपासणी प्रामाणिक होणार नाही.

बिघाड दिसला तो चार ठिकाणी. एक, तिसऱ्या पावलाला वळणं. दोन, उडीनंतर गुडघे ताठ आणि पाय धप्पकन आपटणं. तीन, गिरकी पाऊण फेरीत अडकणं: अंग फिरायचं, मान मात्र समोरच्या भिंतीकडेच राहायची आणि शेवटी अंगच मानेकडे परत यायचं. चार, बीटच्या मागे राहणं, जवळजवळ अर्ध्या बीटने आणि प्रत्येक स्टेपला.

सोबत उजव्या-डाव्याचा घोळही होता, पण त्याचं कारण वेगळं. त्याकडे पुढे येऊ.

आधी काय नाही ते बघितलं

मूल अडखळतं म्हटल्यावर "हिला लय नाही" किंवा "हिचा समन्वयच कच्चा आहे" असं ठरवून टाकण्याची घाई होते. कारक समन्वयाची विकासात्मक अडचण, म्हणजे डीसीडी, खरोखर असते. डीएसएम-५ या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन मानसोपचार पुस्तिकेनुसार ५ ते ११ वर्षांच्या मुलांत तिचं प्रमाण ५ ते ६ टक्के आहे. पण ती फक्त नाचात कधीच दिसत नाही. बटणं लावणं, जिना उतरणं, अक्षर, चमच्याने न सांडता जेवणं, सायकल अशा रोजच्या कामांतही ती आडवी येते. त्यामुळे पालकांना विचारायचे प्रश्न तेवढेच आणि तसेच. इथे उत्तरं स्वच्छ होती: जिना धावत उतरते, बटणं स्वतः लावते, मैदानात पळताना पडत नाही. यातली दोन-तीन उत्तरं उलट आली असती तर नृत्याचा सराव वाढवण्याऐवजी बालरोगतज्ज्ञ किंवा मुलांच्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवणं योग्य ठरलं असतं.

मग २० मिनिटांची तपासणी केली. साहित्य म्हणजे जमिनीवर लावायची चिकटपट्टी, २० सेंमी उंचीची भक्कम पायरी, मेट्रोनोम (ठरावीक वेगाने टिकटिक करणारं यंत्र) आणि स्टँडवर ठेवलेला फोन. प्रत्येक पायावर ५ मीटर लंगडी. घोडदौडीची चाल ८ मीटर, आधी उजवा पाय पुढे, मग डावा. दोरीशिवायची स्किपिंगची चाल, म्हणजे एका पायाने पाऊल टाकून त्याच पायावर छोटी उडी, मग दुसऱ्याने तेच. ही चाल बहुतेक मुलांना सहा-सात वर्षांच्या सुमारास बसते, म्हणून सातव्या वर्षी ती तुटक असली तर लगेच काळजी करू नये. पट्टीच्या दोन्ही बाजूंना जोडपायाने उड्या, १५ सेकंद. पायरीवरून खाली उडी. दोन्ही बाजूंना एकेक गिरकी.

१५ सेकंदांच्या बाजूच्या उड्या केटीके या मुलांचा शारीरिक समन्वय मोजणाऱ्या १९७४च्या जर्मन चाचणीतून उचलल्या आहेत. ती ५ ते १४ वयासाठी असून तिच्यात ६, ४.५ आणि ३ सेंमी रुंदीच्या तुळयांवरून उलटं चालणंही असतं. तेच साहित्य आणि तीच पद्धत नसेल, तर तिच्या तक्त्यांशी आपले आकडे ताडून बघू नयेत. वर्गात अशा उड्यांचा उपयोग एवढाच, की तेच मूल सहा आठवड्यांनी कुठे आहे ते कळावं.

अर्धा बीट कुठून आला

तालाची तपासणी इथे निर्णायक ठरली, म्हणून ती सविस्तर सांगतो. मेट्रोनोम मिनिटाला १०० वर लावला, म्हणजे दोन बीटमध्ये ६०० मिलिसेकंद. फोनने सेकंदाला ३० चित्रांच्या वेगाने चित्रण केलं, म्हणजे एका चित्राला साधारण ३३ मिलिसेकंद. चौकटीत कोपऱ्यात एक जण बीटवर टाळी देत उभा. नंतर व्हिडिओ एकेक चित्र पुढे सरकवत, टाळी मिटली ते चित्र आणि मुलीचं पाऊल टेकलं ते चित्र यांत किती अंतर आहे ते मोजायचं. अशा आठ पावलांचं मोजमाप घेतलं की कल कळतो. एका पावलावरून काहीच ठरवू नये.

ताई समोर उभ्या राहून करत असताना अंतर आलं ९ चित्रांचं, म्हणजे ३०० मिलिसेकंद. बरोबर अर्धा बीट. मग ताई तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या, आरशावर चादर टाकली आणि तीच स्टेप नुसत्या आवाजावर करायला सांगितली. आता अंतर २ ते ३ चित्रांवर आलं.

म्हणजे लय तिच्यात होती. ती ऐकून नाचतच नव्हती, बघून नाचत होती. बघायचं, ओळखायचं आणि मग करायचं यात तेवढा वेळ जातोच. दिसणाऱ्या खुणेपेक्षा ऐकू येणाऱ्या खुणेशी माणसाची हालचाल जास्त अचूक जुळते, हे टाळ्या-टिचक्यांच्या प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. ऐकणारा पुढच्या बीटची वाट बघत तयार असतो, बघून करणारा प्रत्येक वेळी उशिरा निघतो.

हे दहा महिन्यांत ऑनलाइन ताईंच्या लक्षात का आलं नाही? त्यांचा दोष नाही. दूरसंचाराचं आयटीयू-टी जी.११४ हे मानक एका दिशेने १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर संभाषणासाठी चांगला मानतं. बोलताना तो खरंच जाणवत नाही. पण ताईंचं गाणं मुलीकडे पोचायला १५० आणि तिचं पाऊल ताईंना दिसायला परत १५०, असा तो ३०० होतो. म्हणजे उत्तम कॉलवर अगदी ठेक्यात नाचणारं मूलही शिक्षकाला अर्धा बीट मागे दिसणार. सगळीच मुलं मागे दिसतात म्हटल्यावर शिक्षक तालावर बोलणंच सोडून देतो, आणि खरोखर मागे पडणारं मूल त्या गर्दीत लपून राहतं.

पडदा की खोली?

बाकीच्या तीन बिघाडांचं खापर एकदम "ऑनलाइन"वर फोडणं सोपं होतं. पण ऑनलाइन वर्ग म्हणजे दोन गोष्टी एकत्र: समोर पडदा आणि भोवती छोटी खोली. त्या वेगळ्या करून बघणं शक्य होतं आणि ते केलं, दुसऱ्याच आठवड्यात.

एका दिवशी हॉलमध्ये लॅपटॉप मांडला, ताई शेजारच्या खोलीतून कॉलवर आल्या आणि मुलीने मोठ्या जागेत ऑनलाइन धडा केला. दुसऱ्या दिवशी ताई समोर, पण जमिनीवर चिकटपट्टीने २ बाय २ मीटरचा चौकोन आखला आणि त्याच्या आतच धडा घेतला.

मोठ्या जागेत, पडद्यासमोर: दोन-तीनदा आठवण केल्यावर ती भिंतीपर्यंत गेली. गिरकीत मात्र मान अडकली आणि अर्धा बीट परत आला. चौकोनात, ताईंसमोर: चाल पुन्हा तीन पावलांवर आली, गिरकी मात्र थोडी सुधारली, कारण ताई बोलत बोलत तिच्याभोवती फिरत होत्या आणि मान एका जागी खिळायला कारणच नव्हतं.

उडीचं उतरणं दोन्हीकडे सारखंच वाईट होतं. त्याची मुळं दोन्हींत निघाली. घरी खाली माणसं राहत असल्याने "हळू, आवाज नको" ही सूचना कायमची. त्यावर मुलीने काढलेला उपाय म्हणजे उडी छोटी करणं. गुडघे वाकवून अलगद उतरायला तिला कुणी शिकवलंच नव्हतं. पायात मोजे आणि खाली गुळगुळीत फरशी, त्यामुळे घसरायच्या भीतीने पाय ताठ. आणि कॅमेरा दीड मीटरवर. एवढ्या अंतरावरून लॅपटॉपच्या कॅमेऱ्यात साधारण एक-सव्वा मीटर उंचीचाच पट्टा मावतो. मूल १२० सेंमीचं, हात वर केले की दीड मीटर. चेहरा आणि हात दिसावेत म्हणून लॅपटॉप जरा वर झुकवला की मांड्यांपासून खालचं सगळं बाहेर. पाय दिसले असते तरी फार कळलं नसतं. १० सेंमी उंच उडीत मूल हवेत असतं सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. नेट मंद होऊन चित्रं सेकंदाला १० वर आली की अख्खी उडी तीन चित्रांत उरकते, आणि गुडघा वाकला की नाही ते त्या तिन्हींच्या मधे कुठेतरी घडून जातं.

सगळ्यात मोठी खूण होती आवाजाची. ताठ गुडघ्याने उतरलेला पाय धप्प वाजतो, नीट उतरलेला जवळजवळ वाजत नाही. हॉलमधल्या शिक्षकाला पाठमोरं उभं राहूनही हे कळतं. कॉलवर मुलं म्यूट असतात, आणि नसली तरी अॅपची गोंगाट गाळण्याची सोय नेमका असाच धप्प आवाज गोंगाट समजून पुसून टाकते. जो आवाज ऐकून शिक्षक सुधारणा सांगतो, तो त्याच्यापर्यंत पोचण्याआधीच काढून टाकलेला असतो.

इथे एक सावधगिरी हवी. ही अदलाबदल एकाच मुलीवर आणि एकेकदाच केलेली आहे. शिवाय त्या दहा महिन्यांत तिचं बाहेर खेळणंही कमी झालं होतं. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयासाठी रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल सांगते; आठवड्यातला ४५ मिनिटांचा नाचवर्ग, कुठलाही असो, ती भरून काढू शकत नाही. तरी चाल खोलीने खाल्ली आणि मान पडद्याने बांधली, एवढं म्हणायला आधार पुरेसा आहे असं आमचं मत आहे.

बारा आठवडे

आठवड्याला हॉलमध्ये ५० मिनिटांचे दोन वर्ग आणि घरून २५ मिनिटांचा एक ऑनलाइन, अशी आखणी केली. ऑनलाइन बंद केलं नाही, कारण क्रम पाठ करण्याची तिची सवय चांगली होती.

पहिले दोन आठवडे फुकट गेले, आणि ते का गेले ते सांगायला हवं. ताईंनी सगळं एकदम दुरुस्त करायला घेतलं. गिरकी घेताना "मान, गुडघा, चवडा, हात" अशा चार सूचना एका दमात. मुलगी गोठली, खांदे वर चढले, चालही बिघडली. दुसरी चूक म्हणजे तिला धीर यावा म्हणून चांगलं नाचणाऱ्या मुलीच्या मागे उभं केलं. झालं, पडद्याची जागा त्या मुलीने घेतली आणि अर्धा बीट जसाच्या तसा. तिसरी गोष्ट कुणाच्या ध्यानातच आली नव्हती: हॉलच्या पुढच्या भिंतीवरचा अख्खा आरसा. मान पडद्यावरून सुटली ती आरशाला चिकटली.

हा या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी भाग आहे असं आम्हाला वाटतं. आरशाकडे तोंड करून, शिक्षक कायम पुढे नाचत असलेला प्रत्यक्ष वर्ग हालचालीच्या दृष्टीने ऑनलाइन वर्गाहून फार वेगळा राहत नाही. मूल तिथेही एका चित्राला लटकूनच नाचतं.

तिसऱ्या आठवड्यापासून बदल केले. आरशावर पडदा ओढला. एका फेरीत एकच सूचना, आणि तीही प्रत्येक प्रयत्नानंतर न देता तीन प्रयत्न झाल्यावर. दर वेळी सांगत राहिलं तर मूल त्या वेळेपुरतं चांगलं करतं, पण सांगणारा बाजूला झाला की घसरतं. १९८४ मध्ये सालमोनी, श्मिट आणि वॉल्टर या संशोधकांनी मांडलेला हा मुद्दा नाचाच्या वर्गात रोज पटतो. सूचना अंगाबद्दल देण्याऐवजी बाहेरच्या गोष्टीबद्दल: "गुडघा वाकव" सोडून "आवाज न करता उतर", "मान फिरव" सोडून "पिवळा कागद शोध".

चाल सगळ्यात लवकर सुटली. जमिनीवर १ मीटरच्या अंतराने पट्ट्या लावल्या आणि पहिल्या दिवशी फक्त चौथ्या पट्टीवर ठेवलेला रुमाल उचलून आणायचा. मग सहावी, मग भिंत. चौथ्या आठवड्यात समोरून येणाऱ्या मुलाला चुकवत जाणं सुरू केलं: आधी एक मूल आणि ठरलेली बाजू, नंतर तीन मुलं आणि बाजू ज्याची त्याने ठरवायची. कॉलवर हे शिकवता येत नाही, कारण तिथे कुणी समोरून येतच नाही. पहिल्या दिवशी ती दुसऱ्या मुलापासून तब्बल दोन हात लांबून थांबली. दोन आठवड्यांत खांद्याला खांदा न लागता निसटायला लागली.

उतरण्यासाठी अनवाणी पाय, न घसरणारी जमीन, पायरी आधी १० सेंमी. चवडा टेकतो, मग टाच, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत वाकतो, आत कलत नाही. ताई डोळे मिटून बसायच्या आणि आवाज आला तर हात वर करायच्या. मुलांना हा खेळ फार आवडतो. एका वर्गात पायरीवरून ८ ते १० उड्यांपेक्षा जास्त नाही. सहाव्या आठवड्यापर्यंत २० सेंमीवरून दहातल्या सात-आठ उड्या नि:शब्द उतरू लागल्या. दमल्यावर मात्र, वर्गाच्या शेवटच्या पाच मिनिटांत, जुना धप्प परत यायचा. म्हणून उड्या वॉर्म-अपनंतर लगेच घ्यायच्या असं ठरलं; शेवटच्या नाचात उड्यांऐवजी पावलं.

गिरकीला सगळ्यात जास्त वेळ गेला. चार भिंतींवर मुलीच्या डोळ्यांच्या उंचीला चार रंगांचे कागद लावले. आधी पाव फेरीची उडी: निळ्याकडून पिवळ्याकडे, उतरल्यावर थांबून रंगाचं नाव मोठ्याने. मग अर्धी फेरी. तिसऱ्या टप्प्यात चालत चालत पूर्ण फेरी, चारही रंगांची नावं घेत, अगदी सावकाश. वेग सर्वांत शेवटी. नावं घ्यायला लावण्याचं कारण साधं आहे: नाव घ्यायचं तर कागद दिसायला हवा, आणि कागद दिसायला मान वळायलाच हवी. एका बाजूला तीन-चार गिरक्या झाल्या की थांबायचं, डोळे एका खुणेवर स्थिर ठेवायचे, भोवळ जाईपर्यंत पुढची गिरकी नाही. लहान वयात तोल सांभाळायला मुलं नजरेवर फार अवलंबून असतात. भोवळ आलेल्या मुलाला "अजून एकदा" म्हणणं म्हणजे त्याला गिरकीची भीती शिकवणं.

कंबर किंवा खांदा वळवण्यासाठी ताईंनी हात लावला तो दर वेळी विचारून, आणि दोन बोटांनी क्षणभर. धरून फिरवलं तर मूल अंग सैल सोडतं आणि शिकत काहीच नाही.

उजव्या-डाव्याबद्दल. बालमानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्या निरीक्षणांनुसार स्वतःचं उजवं-डावं मुलांना साधारण ५ ते ८ वर्षांत पक्कं होतं, आणि समोर तोंड करून उभ्या असलेल्याचं ८ ते ११ मध्ये. सात वर्षांच्या मुलीला समोरून पाहून "माझा उजवा तो तुझाही उजवा" हे उलटवता येत नाही, यात बिघाड काहीच नाही. लहान मुलं समोरच्याची नक्कल आरशासारखी करतात. हॉलमधले शिक्षक म्हणूनच "उजवा" म्हणत स्वतःचा डावा उचलतात. ऑनलाइनमध्ये गडबड अशी होते, की बहुतेक अॅपमध्ये शिक्षकाला स्वतःचं चित्र आरशासारखं दिसतं, पण मुलांना मात्र सरळ जातं. शिक्षकाला वाटतं, मुलं आरसा बघताहेत. उपाय दोन: स्वतः आरशासारखं करायचं, किंवा पाठ करून शिकवायचं. दोन्ही आलटून पालटून वापरले की घोळ वाढतो. वर्षभर एकच ठरवावं.

घरचा २५ मिनिटांचा वर्ग कसा बदलला

लॅपटॉपऐवजी फोन, उभा धरून, मुलीच्या कमरेच्या उंचीवर, साधारण ६५ ते ७० सेंमी, आणि पावणेदोन ते दोन मीटरवर. अख्खं अंग दिसतं. हात पसरून बाजूला पाऊल टाकलं तर बोटं बाहेर जातात, तेवढं चालवून घेतलं. उडीच्या पाच मिनिटांसाठी फोन बाजूला ठेवायचा, कारण गुडघ्याचा वाक समोरून दिसत नाही. त्या पाच मिनिटांत म्यूट काढायचं आणि गोंगाट गाळण्याची सोय बंद करायची. झूममध्ये त्यासाठी "ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स" ही सोय आहे. मोजे नाहीत, सरकणारं पायपुसणं नाही, टेबलाचे कोपरे हातभर लांब.

गाणं ताईंकडून वाजवणं बंद केलं. फाइल आधी पाठवायची, ती मुलीच्या खोलीतच वाजते, तारेच्या किंवा यंत्राच्या स्वतःच्या स्पीकरवर. ब्लूटूथ स्पीकर आपला वेगळा उशीर जोडतो, म्हणून तो टाळला. ताल नीट आहे का हे कॉलवर बघायचंच नाही. त्यासाठी ३० सेकंदांची क्लिप त्याच फोनवर घेऊन नंतर पाठवायची. क्लिपमध्ये गाणं आणि पाऊल एकाच जागी टिपलेलं असतं, म्हणून उशिराचा प्रश्न राहत नाही.

आणि प्रत्येक स्टेपची शेवटची फेरी फोन पालथा ठेवून. ताई फक्त आवाजाने सोबत. सुरुवातीला मुलगी चौथ्या काउंटला थांबायची, "दिसत नाहीये" म्हणायची. पाचव्या आठवड्यात थांबणं गेलं.

सोळाव्या आठवड्यातली नोंद

बारा आठवडे संपल्यावर लगेच घेतलेल्या तपासणीवर भिस्त ठेवली नाही, कारण सराव ताजा असताना सगळंच बरं दिसतं. चार आठवड्यांनी पुन्हा २० मिनिटं घेतली, आणि सोबत एक नवा ८ काउंटचा तुकडा शिकवून दोन दिवसांनी, कुणीही पुढे न करता, विचारला.

नवा तुकडा तिने पूर्ण केला. नुसत्या आवाजावर अंतर १ ते २ चित्रं. समोर कुणी नाचत असताना ४. म्हणजे जुनी सवय पार गेलेली नाही, कुणी दिसलं की नजर अजूनही तिकडे ओढली जाते. ८ मीटरची चाल दोन्ही पायांनी सलग, स्किपिंगची चालही बसली, मात्र ती वयानेही बसली असती. उडी शांत, दमली की वाजणारी.

उजवी गिरकी पूर्ण होते. डावी अजून तिसऱ्या कागदापाशी, हिरव्यापाशी, डगमगते. मान तिथे क्षणभर थांबते आणि मग पुढचा पिवळा शोधते. पुढच्या सहा आठवड्यांसाठी फक्त डावी बाजू घेतली आहे, दर वर्गात चार मिनिटं, चालण्याच्या वेगाने.